उभं राहून बोलायला लावणाऱ्या गोदाकाकू

बोरीच्या महिला मंडळात कुठल्याही बाईला बसून बोलता येत नसे. गोदाकाकू बोलूच देत नसत. कुणी बसल्या जागी तोंड उघडलं की त्या हात वर करून थांबवायच्या आणि म्हणायच्या, "उभी ऱ्हा. देवानं जबान दिली हाय ना?"

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. माझे यजमान बोरीच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि मी त्यांच्यामागे बिऱ्हाड घेऊन. मंडळ भरायचं ते शाळा सुटल्यावर, शाळेच्याच ओसरीवर. जिंतूरहून ग्रामसेविका यायची, बिनधुराची चूल कशी घालावी, मोरीच्या पाण्याला शोषखड्डा कसा करावा, ते दाखवायची. ती गेली की काकूंचं राज्य सुरू. पन्नाशीची उंच, काळीसावळी बाई, कपाळ मोकळं, आवाज चावडीपर्यंत जाईल असा. त्या म्हणत, "चुलीचा धूर बाहीर काढला, आता पोटातलं बाहीर काढा."

मग एकेकीनं उभं राहून काहीतरी बोलायचं. विषय कुठलाही चाले, गप्प बसणं चालत नसे. मी शिकलेली म्हणून पहिला नंबर माझा लावला. मला काहीच सुचेना, तेव्हा कैरीचं लोणचं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तरीणबाई, मीठ कवा घालायचं?" सगळी ओसरी हसली.

सखूबाईला एकदा उभं केलं, तर तिनं नवऱ्याची गाऱ्हाणी काढली ती दिवेलागण झाली तरी संपेनात. शेवटी काकूंनीच तिला हाताला धरून खाली बसवलं. एक म्हातारी सुनेवर नजर ठेवायला म्हणून यायची. काकूंनी तिलाही उठवलं. ती बिचारी जात्यावरची ओवी म्हणून मोकळी झाली आणि पुढच्या वेळेपासून सुनेच्या आधी येऊन बसू लागली.

चंद्रभागा मात्र कोपऱ्यातून उठायची नाही. नव्यानं नांदायला आलेली पोर, पदर नाकापर्यंत ओढलेला. एकदा काकू तिच्यापाशी जाऊन बसल्या आणि हळू काहीतरी बोलल्या. ती उभी राहिली, "मी चंद्रभागा," एवढंच म्हणाली आणि बसली. काकू म्हणाल्या, "एवढं बी लय झालं."

पारावरची माणसं आम्हाला हसायची. बायांना भाषणं शिकवून काय आमदार करायचंय का, असं विचारायची. काकूंच्या कानावर ते जायचं, आणि त्या पुढच्या बाईला उभं करायच्या.

त्या वर्षी जिंतूरहून मोठे साहेब शोषखड्डे पाहायला येणार असं ठरलं. बायकांनी हार घालावा आणि बसावं, बोलायचं ते आपण बोलू, असं सरपंचांनी आधीच सांगून ठेवलं. काकूंनी मान डोलावली. मग आम्हाला बोलावून म्हणाल्या की गावाला नर्सबाई हवी, ते साहेबांना आपण सांगायचं, आणि ते त्या स्वतः सांगणार.

साहेब आले. हार झाला. सरपंच गावाला हव्या असलेल्या गोदामाविषयी बरंच बोलले. ते थांबल्याबरोबर काकू उभ्या राहिल्या.

आणि त्यांना शब्द फुटेना.

त्यांनी ओसरीचा खांब धरला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. सरपंच म्हणाले, बसा काकू.

तेवढ्यात कोपऱ्यातून चंद्रभागा उठली. पदर तसाच नाकापर्यंत. "साहेब, आमच्या गावाला नर्सबाई पायजे," ती म्हणाली. "पावसाळ्यात जिंतूरची वाट बंद पडती. बाया बाळंतपणात मरायल्यात." ती बसली नाही. तिच्या शेजारची उठली, मग सखूबाई, मग आम्ही सगळ्या. नुसत्या उभ्या राहिलो.

साहेबांनी विचारलं, नर्स दिली तर राहील कुठं? गावात सरकारी जागा नव्हती. सरपंच इकडंतिकडं पाहू लागले.

"माझ्या घरी," काकू म्हणाल्या.

परत जाताना त्या माझ्याबरोबर होत्या. वेशीपाशी थांबल्या आणि माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "माझी सून अशीच गेली. मी लय कडक व्हते, बाई. पोर मला भ्यायची. दुखायला लागलं, पर सासूला कसं सांगावं म्हणून दिसभर गप ऱ्हायली. मला कळलं तवा गाडी जुंपली. ती चिखलात रुतली."

काकूंच्या मुलानं हैदराबादला नोकरी धरली होती, दुसरं लग्न केलं होतं, आणि तो घरी येत नव्हता, हे मला गावातल्या बोलण्यातून ठाऊक होतं. पहिली सून कशी गेली ते ठाऊक नव्हतं. काकू घराकडे वळल्या.

दिवाळीनंतर नर्सबाई आली. किडकिडीत पोर, हातात पत्र्याची पेटी. काकूंनी आतली खोली उघडली. ती सुनेची होती आणि सून गेल्यापासून बंद होती. जमीन सारवली, भिंतींना चुना दिला, स्वतःची बाज आत टाकली आणि आपण सोप्यात निजू लागल्या.

मी सकाळी काकूंकडे ताक आणायला जायची तेव्हा पाहायची. काकू त्या खोलीच्या दारात उभ्या असत आणि आत विचारत, "पोरी, कुठं दुखतंखुपतं का काही?"

नर्सबाई वेणी घालता घालता हसायची. म्हणायची, "काकू, हे मी विचारायचं असतं."

काकू उत्तर मिळेपर्यंत दारातून हलत नसत.