बाहुलीतली सुई

सुया परत उशीत टोचून ठेवताना सुझानच्या लक्षात आलं, एक सुई कमी आहे.

चर्चच्या हॉलमध्ये बाहुल्यांचा ढीग तयार होता. बांगलादेशच्या लढाईत घरदार गमावलेल्या मुलांसाठी महिला मंडळानं खपून त्या केल्या होत्या. अंगावर जुन्या लुगड्यांची लाल चौकडी, पोटात सावरीचा कापूस, डोळ्यांच्या जागी काळी टिचबटणं. थोड्याच वेळात गावातल्या सॅन्टनचा केळ्यांचा ट्रक मुंबईला निघणार होता आणि बाहुल्यांचं पोतं त्यातूनच जायचं होतं.

"चटईखाली असेल," लूर्डसबाई म्हणाल्या. त्या गावच्या शाळेत शिकवायच्या.

सुझाननं आधी चटईवर निजलेली आपली तान्ही मुलगी उचलली. ती जागी होऊन रडायला लागली. चटई झटकली, सुई नव्हती.

"म्हणजे कुठल्यातरी बाहुलीत शिवली गेली," सुझान म्हणाली.

"गेली तर गेली," मार्थामावशी म्हणाली. मंडळातली ती सगळ्यांत वडील. वाडीत राबून तिचे हात राठ झालेले आणि जीभही. "एका सुईपायी येवढं कोन करतं? तू बीए झालीस, म्हनून तुला नको ते इचार सुचतात."

"मावशी, ज्या पोरानं आपलं घर जळताना बघितलंय, ते ही बाहुली कुशीत घेऊन झोपणार. आणि हिनंच टोचलं तर?"

लूर्डसबाई उठल्या आणि शाळेतून लोहचुंबक घेऊन आल्या. ढिगावर धरताच पहिली बाहुली चिकटून वर आली. सुझाननं लगोलग तिचं पोट उसवलं. हॉलभर कापूस उडाला, सुई नाही. दुसरीही चिकटली. तिसरीही. तेव्हा कळलं, चिकटत होते ते डोळे.

"मास्तरीनबाय, तुज्या लोहचुंबकाची नजर चांगली नाय," मार्थामावशी केसांतला कापूस काढत म्हणाली.

मग बाहुल्या हातानं दाबून बघायचं ठरलं.

"माज्या हाताला कोयता लागला तरी कळत नाय. सुई काय कळनार?"

"मग गालाला लाव, मावशी. गालाला कोणाच्या घट्टे पडलेत?" सुझान म्हणाली.

"माज्या जावेला तू बघितली नाय."

तरी एकेकीनं बाहुली उचलली. गालावर दाबायची, फिरवायची, छातीशी आवळायची, बाजूला ठेवून दुसरी घ्यायची. आधी खूप हसणं झालं. मग हळूहळू बोलणं थांबलं. कोपऱ्यातली मार्गारेट तर बसल्या जागी डुलायलाच लागली. आईच्या कुशीत भलतीच कोणीतरी बघून सुझानच्या मुलीनं मात्र सूर आणखी वर नेला.

ट्रक आल्याचं सांगायला फादर व्हॅलेरियन दारात आले. मिटल्या डोळ्यांच्या सगळ्या बायका बघून त्यांनी क्रूसाची खूण केली, आल्या पावली मागे फिरले आणि बाहेर जाऊन सॅन्टनला हॉर्न वाजवू नको म्हणाले.

शेवटची बाहुलीही झाली. सुई कुणालाच टोचली नाही. आता सुझानला ट्रक अडवायला कारण उरलं नव्हतं. पोतं बांधलं, ट्रक गेला. मुलीला खांद्यावर थोपटत ती दाराशी उभी राहिली.

मार्थामावशी चपला घालायला वाकली. तिच्या अंबाड्यात काहीतरी चमकलं.

"मावशी, ही सुई?"

"हळू बोल."

"कुठं सापडली?"

"बाहुलीत. ही बघ." मावशीच्या गालावर बारीक लाल ठिपका होता. "नाजूक टाके होते. तुजीच असनार."

सुझानचे कान तापले. "कधी सापडली?"

"सुरवातीलाच."

"मग बोलली का नाहीस? सगळ्याजणी उगाच इतका वेळ…"

मार्थामावशीनं पदर सारखा केला आणि रस्त्याकडे बघितलं. ट्रक दिसेनासा झाला होता.

"बोलली असती तर बाकीच्या तशाच पोत्यात गेल्या असत्या," ती म्हणाली. "कोनी जवळ न घेतलेल्या."