रावसाहेबांच्या डोमकावळ्याचे अपहरण

चोरी हे पाप खरे. परंतु निरपराध मनुष्यावर चोरीचा आळ घेणे हे त्याहून जड पाप होय. शके १८५६ च्या पितृपंधरवड्यात लोणावळ्यास ही दोन्ही पापे एकाच घरी उतरली, आणि रावसाहेब महिपतरावांनी मला पाचारण केले.

स्वतःविषयी मी काय सांगावे? काशीस बारा वर्षे न्यायशास्त्राचे अध्ययन केल्यामुळे, पर्वतावर धूर दिसताच तेथे अग्नी आहे हे मी पर्वत न चढता सांगतो. गतवर्षी देवळातील हरवलेल्या समईचा तपास मी तीन दिवसांत पूर्ण केला. समई चौथ्या दिवशी, मी निर्दोष ठरवलेल्या पुजाऱ्याच्या घरी सापडली.

रावसाहेबांना जुन्या पक्षिचित्रांचा नाद. शंभर वर्षांपूर्वी विलायतेत छापलेली, पिसापिसावर हाताने रंग भरलेली ती चित्रे त्यांनी आयुष्यभर जमवली होती. धुक्याच्या दिवसांत चित्रांना बुरशी लागे; म्हणून महंमद तसबीरवाला ती चौकटींतून काढून हळुवार पुसत असे. अशा वेळी मेजावरून डोमकावळा नाहीसा झाला.

"शेवटचा हात महंमदचा," रावसाहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत चित्र मिळाले नाही, तर त्याने मागची खोली सोडावी. बावीस वर्षे माझ्याकडे आहे, शास्त्रीबुवा. मलाही गोड वाटत नाही."

मी महंमदची बोटे न्याहाळली. काळी होती.

"कावळा काळा, बोटे काळी. अनुमान सिद्ध."

"चौकटीस्नी रंग देतोय, बुवा," महंमद म्हणाला. "कावळ्याचा रंग वाळून शंभर वर्सं झाली. बोटाला कसा लागंल?"

हा आक्षेप मी नोंदवून ठेवला. मग माझा विचार अधिक खोल गेला. मेजावर शेजारीच मोर होता. मोर सोडून कावळा नेणारा मनुष्य पक्ष्यांचा मर्मज्ञ असला पाहिजे, आणि या घरात मर्मज्ञ एकच. मी रावसाहेबांकडे रोखून पाहिले. त्यानंतर चहा आला नाही.

झाडलोट करणाऱ्या बयाबाईस मी विचारले, "येथे चोर आला होता काय?"

"न्हाई, बुवा. चोर कशाला येतोय हितं?"

तिला मी साक्षीदारांतून वगळले.

सायंकाळी मी वाळवीवर आरोप ठेवण्याच्या बेतात असता महंमद दारात आला. काच कापायची हिरकणी फडक्यात बांधून तो बयाबाईचा निरोप घ्यायला गेला होता.

"जरा मागं चला, रावसाहेब. बुवा, तुमीबी."

बयाबाईच्या ओसरीवर डोमकावळा भिंतीला टेकून बसला होता. पुढे पान वाढलेले: भात, वडे, खीर.

"बयाबाई, तू चोरलेस?" मी विचारले.

"म्या कशाला चोरू? धन्याचं सराध व्हतं. धुक्यात कावळा येईना. तुमाला परवा तळ्याजवळ गाठून इचारलं, तर तुमीच म्हनला, कावळ्याची प्रतिमा पुढं ठिवली तरी चालतं."

"मी दर्भाच्या कावळ्याविषयी बोलत होतो."

"ते कुटं बोलला? दोन दिस बसलाय, शिवंना. शिवल्याबिगर परत कसा ठिवू? धनी उपाशी ऱ्हाईल. म्याबी जेवले न्हाई."

"आणि मी विचारले तेव्हा?"

"तुमी चोराचं इचारलं. कावळ्याचं कुनी इचारलं?"

मी खाली वाकलो. चित्रातील चोचीवर भाताचे एक शीत चिकटले होते, आणि मुंग्यांची रांग त्याच्या दर्शनास निघाली होती. ते तेथे कसे आले, याचा तपास मी हेतुपुरस्सर केला नाही.

"चोचीला शीत आहे," मी म्हणालो. "अर्थात कावळा शिवला. बयाबाई, आता जेव."

तिने पदर डोळ्यांना लावला. रावसाहेबांनी चित्राकडे पाहिले. मग महंमदच्या हातातील फडके स्वतः सोडून हिरकणी त्याला परत दिली.

"शीत पुसू का, रावसाहेब?"

"राहू दे. त्यावरच काच बसव."

बयाबाईचा धनी तृप्त असो. महंमदच्या हातची काच अभंग राहो. आणि पर्वत न चढता अग्नी सांगणाऱ्यांना, उतारवयात का होईना, चार पावले चालण्याची बुद्धी होवो.