निर्माल्यात सोडलेली रमी

खंडेनवमीच्या सकाळी झेंडूची फुलं घेऊन नानासर घराच्या पायरीपाशी पोचले आणि आतून ती धून ऐकू आली. टीं टिडी टीं. पहाटे स्वतःच्या हातानं पुसून काढलेली रमी पुन्हा कॉम्प्युटरवर येऊन बसली होती. आणि उद्या, दसऱ्याला, शाळेचे अध्यक्ष, कमिटीची मंडळी आणि संस्कार वर्गाची मुलं तोच कॉम्प्युटर बघायला घरी यायची होती.

नानासर आणि रमी, असं कर्जतमध्ये कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. हा माणूस तीस वर्षं शाळेत होता, त्यातली बारा हेडमास्तर म्हणून, आणि पत्त्यांचं त्याला भारी वावडं. गणपतीच्या जागरणाला गावभर डाव पडायचे, नानासरांच्या घरी टाळ वाजायचे. एकदा नववीतल्या एका पोराच्या दप्तरात पत्त्यांचा कॅट सापडला. पोरगा पोशीरचा, नाव पदू. नानासरांनी कॅट जप्त केला, त्यातलं एक पान पोराच्या सदऱ्याला टाचलं आणि पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत त्याला झेंड्याच्या खांबाखाली उन्हात उभं केलं. या गोष्टीला वीस वर्षं झाली तरी गाव ती कौतुकानं सांगत असे.

अशा माणसाला रमीनं गाठलं ते निवृत्तीनंतर, एकोणीसशे एकोणनव्वदच्या श्रावणात. मुलाच्या, हेमचंद्रच्या, कंपनीनं नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा त्यानं एक जुना घरी आणून टाकला होता. "नाना, वेळ जाईल तुमचा," म्हणाला. नाना कसल्याशा संमेलनासाठी माथेरानला गेले, तिथल्या हॉटेलच्या मॅनेजरकडेही कॉम्प्युटर होता, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक नसल्यामुळे मॅनेजर त्यावर रमी खेळत बसला होता. त्यानं आग्रहानं एक फ्लॉपी भरून दिली. नाही कसं म्हणायचं, असं नानांनी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणून बघितलंच नव्हतं.

पण ही रमी चोरून खेळण्यातली नव्हती. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की तीच आधी हजर. धून वाजायची, पडद्यावर पानांचा पंखा उलगडायचा. दसऱ्याला सगळे येणार हे अध्यक्षांनी जाहीर केलं तेव्हा नाना घाबरले. त्यांनी मॅन्युअल वाचून रमी पुसली. राहिली फ्लॉपी. कचऱ्यात टाकावी तर झाडूवाली बघेल, चुलीत घालावी तर बायको, उमाबाई, बघतील. शेवटी विसर्जनाच्या दिवशी त्यांनी ती हळूच निर्माल्याच्या पिशवीत सरकवली, आणि उल्हास नदीच्या पाण्यात गणपतीबरोबर पिशवीही सोडली. "पुनरागमनाय च," नाना हात जोडून म्हणाले. ते गणपतीला म्हटलं होतं. पण गणपती वर्षानं यायचा होता, रमी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत आली.

तेव्हापासून हेच चाललं होतं. नाना रोज पुसायचे, वाचनालयात जायचे, आणि परत आले की बया पडद्यावर हजर. नदीत सोडलेली वस्तू घरी कशी येते? गणिताचा माणूस, पण आठव्या-दहाव्या वेळी त्यांनीही देवाला नारळ बोलून टाकला.

आताही फुलं हातात घेऊन ते आत आले, तर उमाबाई कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहत होत्या. पडद्याला हार, कीबोर्डावर अक्षता.

"चालू कशाला केला होतास?"

"पूजेआधी चालतोय का बघितलं. बटण तेवढं दाबलं. आता हात लावू नका हं, पूजेला मांडलंय. उद्या अध्यक्षांच्या हातूनच उघडायचं."

म्हणजे आता पुसायचीही सोय उरली नाही. आणि उद्या अध्यक्षांनी बटण दाबलं की संस्कार वर्गासमोर तेरा पानं पसरणार. नानांनी छत्री उचलली आणि खोपोलीची गाडी धरली. मुलाला हे कुठल्या तोंडानं विचारणार? त्याच्याखेरीज कॉम्प्युटरमधलं कळणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता. तो तिथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता, शिळफाट्याला खोली करून राहायचा, आणि त्याचं नाव पदू होतं.

"सर, तुमी? इकडं?" पदूनं खुर्ची पुढं केली.

"सहज आलो होतो." खंडेनवमीच्या दुपारी शिळफाट्याला कुणी सहज येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. "एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी येऊन बसलंय. पुसलं की परत येतं."

"काय येतं?"

"असतं काहीतरी. करमणुकीचं."

"गेम हाय का?"

"असेल."

"कसली?"

नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "रमी."

पदू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं.

"सर, त्या गृहस्थांना सांगा, पुसलेली गेम आपली आपण येत नाय. कोणतरी आणून बसवतंय. घरात कोन कोन हाय?"

"दोघंच. बायको पोथी वाचणारी आहे. बटण दाबण्यापलीकडे तिला काही येत नाही."

"ऱ्हातात कुठं?"

"कर्जतला."

"कर्जतला कुठं?"

"माझ्या घरी," नाना म्हणाले. झेंड्याच्या खांबाबद्दलही आत्ताच बोलून टाकावं असं त्यांना फार वाटलं, पण त्यांनी छत्रीच उचलली. पदूनं शर्ट चढवला आणि म्हणाला, "चला सर. पाचची गाडी मिळंल."

घरी उमाबाई आडव्या आल्या. "पूजेला मांडलेल्याला हात लावायचा नाही, बाबा."

"काकू, आमच्या कंपनीत पण पूजा मांडलीय. पन मशीन आजारी असंल तर देव काय बोलत नाय." पदूनं हात जोडले, अक्षता वाहिल्या आणि कॉम्प्युटर दोन बोटं उत्तरेकडे सरकवला. "झाली उत्तरपूजा."

उमाबाई दारातच उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात त्यांचं दूध चुलीवर होतं, तरी हलल्या नाहीत.

बटण दाबलं. धून वाजली, पंखा उलगडला. एरवी नाना इथंच घाईघाईनं सगळं बंद करायचे. पदूनं मात्र कुठलंसं एक बटण दाबलं आणि पडद्यावर यादी आली. सर्वांत जास्त गुण मिळवणारे दहा खेळाडू. इंग्रजी अक्षरांत, दहाच्या दहा ओळींत एकच नाव होतं. उमा.

आत दूध उतू गेल्याचा वास आला.

"अगं, पण फ्लॉपी तर मी निर्माल्यात..."

"निर्माल्याची पिशवी कोण बांधतं घरात?" उमाबाई खाली बघत म्हणाल्या. "आत हात घातला, लागलं काहीतरी कडक. तुमच्या मागं पोथी घेऊन बसायचे, तेव्हा तुम्ही कसं बसवता ते बघितलं होतं. कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. खेळून झालं की सगळं परत फ्लॉपीवर उतरवून ठेवते. दुपारची झोप येत नाही मला आताशा." मग देवघरात गेल्या, पोथीचं बासन सोडलं आणि त्यातून फ्लॉपी काढून पदूच्या हातावर ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

नानांना स्वतःचीच जास्त लाज वाटली. तीन आठवडे ते देवाला वेठीला धरत होते, आणि ही बिचारी त्यांच्याच धाकानं पोथीआड लपून खेळत होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती ते कुणाला सांगणार नव्हते. महिनाभर खेळून त्यांना त्या यादीतल्या शेवटच्या ओळीएवढेही गुण कधी मिळाले नव्हते.

दसरा छान पार पडला. अध्यक्षांनी बटण दाबलं, धून वाजली नाही, पडद्यावर पदूनं बसवलेली फुलं दिसली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. "शिस्त म्हणजे नानासर," असं म्हणून अध्यक्षांनी जमलेल्यांना झेंड्याच्या खांबाची गोष्ट पुन्हा ऐकवली. पदू मागं भिंतीला टेकून उभा होता. सगळे हसले तेव्हा तोही हसला. नानांना मात्र मान वर करवेना.

मंडळी सोनं देऊन गेली. पदू निघाला तसं नानांनी त्याला थांबवलं, कपाटातून एक जुना कॅट काढला आणि त्याच्यापुढं धरला. "तुझा आहे. पदू, मी चुकलो रे. दिवसभर उन्हात उभं केलं तुला."

पदूनं कॅट हातात घेऊन पानं सरसर मोजली. "एक कमी हाय, सर."

"असं कसं? त्या दिवसानंतर मी तर कधी उघडलाही नाही."

पदूनं खिशातून पाकीट काढलं. आपट्याच्या पानाखाली धरून एक पत्ता नानांच्या हातात दिला. चौकटचा गुलाम. कडा झिजलेल्या, आणि वर टाचणीची दोन भोकं.

"घरी जाताना आमी तो फेकला नाय," पदू म्हणाला. "आता कॅट पुरा झाला."

नाना पान हातात धरून उभे राहिले. चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातला नाही. उमाबाईंनी कोपऱ्यातली चटई आणून मधोमध अंथरली आणि दोघांकडे बघितलं.

"तिघं आहोत," त्या म्हणाल्या. "खिडकी लावून घेऊ का?"

रस्त्यावरून अजून लोक सोनं वाटत चालले होते. नाना चटईवर बसले आणि पानं पिसायला घेतली.

"राहू दे उघडी," ते म्हणाले.