अंदाज नको, आकडा!

आमच्या शेजारच्या भालेराववहिनींचं मंगळसूत्र सणासुदीलाच कपाटातून बाहेर निघतं. भालेरावांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच मात्र आंघोळीलासुद्धा उतरत नाही. वॉटरप्रूफ आहे, असं ते स्वतःच सांगतात. कोणी विचारलेलं नसतं.

न्यूझीलंडमधल्या या अप्पर हटला आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सकाळच्या शिफ्टला निघाले होते. गाडी मागे घेत रस्त्यावर काढली, तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "एकोणीस पॉइंट चार!" मी नर्स आहे, अचानक ओरडणारी माणसं मला नवीन नाहीत. तरी दचकले. गाडी कशावर तरी आपटली असं वाटून खाली उतरले, तर एक टकलू गृहस्थ पायजम्यावर उभे होते. म्हणाले, "नमस्कार, भालेराव. पहिल्या दिवसाच्या मानानं बरी वेळ आहे. सुधारेल." तेव्हापासून माझी गाडी रोज अशीच बाहेर निघते. एखाद्या दिवशी बावीस लागले की त्यांचा प्रश्न ठरलेला: "मेघाताई, टेन्शन आहे का काही?" आणि खरंच असतं, हे माझं दुखणं.

भालेराव फार्मासिस्ट आहेत. त्यांच्या काउंटरवर "पाच मिनिटं थांबा" हा प्रकार नाही. "सहा मिनिटं चाळीस सेकंद," असं ते गोऱ्या आजीबाईंना सांगतात, आणि त्या आजीबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतात. हॉलमधल्या आमच्या गणपतीत एका वर्षी आरती संपल्यावर कापूर विझायच्या आत भालेराव म्हणाले, "गेल्या वर्षीपेक्षा अकरा सेकंद कमी. कुणाला ट्रेन पकडायची आहे का?" कोणी बोलताना "साधारण" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढते. "अंदाज नको, आकडा!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की वॉर्डातल्या डॉक्टरांवर एकदा मीही तेच ओरडले.

या सगळ्याचं मूळ म्हणजे त्यांचा मुलगा निनाद. हा पोरगा लहानपणापासून चालतच नाही, पळतो. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलाही पळत जातो. हिवाळ्यात शाळेचं रग्बी आणि उन्हाळ्यात क्लबच्या गवतावर शंभर मीटर. क्लबच्या शर्यतीत पहिला-दुसरा नंबर तेवढा लिहीत, सेकंदांचं कोणाला पडलेलं नसे. सरावाची वेळ भालेराव घेत आणि एका लांबट वहीत मराठी आकड्यांत लिहून ठेवत. आठ वर्षांची ती वही होती. वहिनी म्हणत, "माझ्या बाळंतपणाची तारीख विचारा, आठवणार नाही. पण मुलगा पाचवीत किती सेकंदांत पळाला ते झोपेत सांगतील."

गेल्या उन्हाळ्यात निनादच्या रग्बीचे व्हिडिओ बघून अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल कोचचा फोन आला. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो. ("फूट म्हणायचं आणि बॉल हातात धरून पळायचं," इति वहिनी.) कोच म्हणाला, आमच्या टीममधली कितीतरी मुलं ट्रॅकवरही पळतात, मला असाच दोन्ही करणारा हवाय. एक जागा आहे आणि डोळ्यांसमोर दोन मुलं आहेत. याचं शंभर मीटरचं टायमिंग पाठवा.

भालेरावांनी त्याच दिवशी वहीचे फोटो पाठवले, आकड्यांचं भाषांतर करून. चार दिवसांनी उत्तर आलं. निनादची वहीतली सर्वांत चांगली वेळ होती अकरा सेकंद. हातानं घेतलेल्या वेळेत ते लोक आणखी पाव सेकंद धरतात. म्हणजे मुलगा मंद. महिनाअखेरपर्यंत इलेक्ट्रॉनिक यंत्रावर अकराच्या आत पळून दाखवलं तर बघू, नाहीतर ऑल द बेस्ट.

त्या संध्याकाळी भालेराव वही घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी चहा टाकला. चहा उकळला, उतू गेला, तरी त्यांनी आकडा सांगितला नाही.

"मेघाताई," ते म्हणाले, "वहीतले आकडे खरे नाहीत."

"म्हणजे? कमी करून लिहिलेत?"

"कमी कशाला करू? वाढवलेत. दर वेळी पॉइंट तीन. पहिल्यांदा पळाला ना, तेव्हा आकडा बघून मीच घाबरलो. एवढासा जीव! दृष्ट लागली असती हो. आई काळं तीट लावायची ना आम्हाला, तसं समजा. म्हटलं, वहीत जरा जास्त लिहू. पोराच्या डोक्यातही हवा जायची नाही. मग सवयच लागली."

साऱ्या गावाकडून आकडा मागणारा माणूस आठ वर्षं स्वतःच्या पोराच्या आकड्यांना तीट लावत होता! हसावं की ओरडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. "अहो, त्या पोराला आठ वर्षं वाटतंय की आपण कमी पडतोय! आधी त्याला जाऊन सांगा."

"तेच जमत नाहीये. तुम्ही येता का बरोबर?"

गेले. निनाद सोफ्यावर पडून फोन बघत होता. भालेरावांनी शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून सगळं सांगितलं. निनाद उठून बसला. मग म्हणाला, "वेट. सो आय ॲम फास्ट?"

"आहेस," भालेराव म्हणाले. "खूप आहेस." हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले आणि निनादनंही बहुतेक पहिल्यांदाच.

"बाबा, हीप्स ऑफ डॅड्स टाइम कमी करून सांगतात. यू आर सो वीअर्ड," असं म्हणून त्यानं बापाच्या टकलावर टप्पल मारली. लगेच बूट घालून बाहेर पडला तो पळायलाच. जाताना ओरडला, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'एकदम झकास'.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वेलिंग्टनला सिंथेटिक ट्रॅकवर सीझनची शेवटची स्पर्धा होती. आम्ही सगळे गेलो. आता वेलिंग्टनच्या वाऱ्याबद्दल मी काय सांगावं? तिथे छत्री उघडणारा माणूस पाहुणा समजावा. पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरच्या वर गेला, की ती वेळ धरत नाहीत. प्राथमिक फेरीत निनाद अकराच्या बराच आत आला, आम्ही नाचलो, आणि मग बोर्डावर वारा दिसला: तीन पॉइंट एक. फुकट गेलं सगळं. वहिनींनी वाऱ्याला अस्सल नाशिकची शिवी दिली. शेजारची गोरी बाई कौतुकानं म्हणाली, "ब्युटिफुल लँग्वेज."

फायनलला भालेराव उभे राहिले, स्टॉपवॉच हातात. बंदूक वाजली, बटण दाबलं गेलं. मला निनादचा निळा बनियन तेवढा दिसला, आणि सगळं संपलंसुद्धा. बोर्डावर आकडे यायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही, कारण सांगणारा माणूस गप्प होता. दहा पॉइंट नऊ सहा. वारा एक पॉइंट सात.

वहिनी रडायला लागल्या, मीही. भालेराव तसेच उभे. त्यांच्या हातात घड्याळ पळत होतं, बटण परत दाबायचं ते विसरले होते. "अहो, थांबवा ना ते!" वहिनी म्हणाल्या. ते म्हणाले, "असू दे."

जुलैत निनाद अमेरिकेला गेला.

मग ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका सकाळी माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत कुंपणापलीकडून आकडाच आलेला नाही. भालेराव तिथेच उभे होते, स्वेटरवर, गळ्यात स्टॉपवॉच. मी खाली उतरले. "काय भालेराव, आमची वेळ नाही घेत हल्ली?"

"घड्याळ मोकळं नाही," ते म्हणाले. आकडे पळताना मला दिसले. "एअरपोर्टवर तो आत गेला, तेव्हा दाबलं. हे चोवीस तासांनी शून्यावर येतं आणि पुन्हा पहिल्यापासून धावतं. आत्तापर्यंत बावीसदा आलं. रोज फोन करतो तो, मजेत आहे. पण घर फार शांत झालंय हो."

"मग थांबवणार कधी?"

"ख्रिसमसला येतो म्हणालाय. दारात पाऊल टाकलं की." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंदाजे पंचवीसला."

अंदाजे! मला भरून आलं. शिफ्टला उशीर होत होता, म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर स्वतःच वेळ लावली, गाडी रस्त्यावर आणली आणि काच खाली करून ओरडले, "भालेराव! सोळा-सतरा असतील!"

त्यांनी मान वर केली. कपाळावर आठी, अगदी पूर्वीसारखी. "अंदाज नको, आकडा!"

"सतरा पॉइंट एक!"

"अरे वा! सुधारणा आहे!" ते म्हणाले, आणि हसले.

खरे सोळा पॉइंट आठ होते. पण म्हटलं, उगाच दृष्ट लागायला नको.