लाडू आणि बाकीचे तिघं

गुलनाज मॅडमचा बंगला कुरवंड्याच्या रस्त्याला होता. सोपान केदारी आणि त्याची बायको अनिता गेली सहा वर्षं तो राखत होते. मॅडम मुंबईत दातांच्या डॉक्टर. महिन्यातून एकदा यायच्या, दोन दिवस राहून बागेचं कौतुक करून परत जायच्या. त्या मंगळवारी मात्र त्या न कळवताच आल्या आणि त्यांनी गाडीतून एक काचेची पेटी उतरवली. पेटीत साप होता.

"हा लाडू," मॅडम म्हणाल्या. "आजपासून इथेच राहील."

अडीच हात लांब, मनगटाएवढा जाड, अंगावर तपकिरी-काळे पट्टे. सोपान दोन पावलं मागे सरकला. मॅडमनी समजावलं, की हा आफ्रिकेकडच्या लहान जातीचा अजगर आहे, त्याला विष नसतं, सरकारदरबारी त्याची रीतसर नोंद झाली आहे आणि घाबरला की तो अंगाचा गोळा करून बसतो, म्हणून त्याचं नाव लाडू. आणून महिनाही झाला नव्हता, तोवर मुंबईत सोसायटीच्या लोकांनी त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये चढणं बंद केलं होतं.

मग त्यांनी सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला. पेटीखाली विजेवर तापणारी गादी होती, ती कायम चालू ठेवायची. आत नारळाचा भुसा होता, तो जरा ओलसर ठेवायचा. लपायला अर्धं फुटकं मडकं होतं, त्याला हात लावायचा नाही. नवीन जागी साप बावरतो, त्यामुळे पहिले सात दिवस त्याला शिवायचं नाही, उचलायचं नाही, उगाच डोकवायचं नाही आणि घरात आवाज करायचा नाही. आठव्या दिवशी फ्रीजमधला गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून द्यायचा.

"कुठल्या फ्रीजमधला?" अनितानं विचारलं. कुठल्या ते कळल्यावर तिनं आपलं दूध, कोथिंबीर आणि इडलीचं पीठ उचलून आवारातल्या राहत्या खोलीवर नेलं.

दोन दिवस सोपान बंगल्यात अनवाणी वावरला. अनितानं कुकर लावणं सोडलं. लाडू मडक्यात बसून होता आणि सोपानला वाटायला लागलं, की हेही जमेल. गुरुवारी धुकं उतरलं आणि दुपारी वीज गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. पेटीची काच गार पडली. मॅडमना फोन लागेना. लाडू थंडीनं मेला तर नोकरीही जाईल आणि राहती खोलीही, या धास्तीनं सोपाननं गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, डोळे मिटून झाकण सरकवलं, पिशवी भुशावर टाकली आणि पळत बाहेर आला.

सकाळी वीज आली होती. पेटीचं झाकण चार बोटं उघडं होतं. सोपाननं लांबूनच मडक्यात बॅटरी मारली. मडकं रिकामं होतं.

दिवसभर त्यानं सोफ्याखाली, गाद्यांमध्ये, बुटांमध्ये, गिझरवर शोधलं. मॅडमचा फोन आला तेव्हा लाडू झोपलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तो झोपलेलाच होता. तिसऱ्यांदा मात्र सोपानच्यानं बोलवेना.

"मॅडम, गावत न्हाई वो तो," तो म्हणाला. "झाकान माझ्याच हातनं उघडं ऱ्हायलं."

मग मॅडमनी दबक्या आवाजात सांगितलं, की रविवारपर्यंत दवाखाना सोडता येणार नाही, तोवर एखाद्या सर्पमित्राला बोलवा. त्या रागावल्या असत्या तर सोपानला बरं वाटलं असतं.

लोणावळ्याचा जुनेद गॅरेज चालवायचा आणि लोकांच्या घरातले साप पकडून जंगलात सोडायचा. शनिवारी सकाळी तो काठी आणि कापडी पिशव्या घेऊन आला. तासाभरात त्यानं पंपाच्या खोलीतून सहा फुटी साप बाहेर काढला.

"हा तुमचा?"

"न्हाई."

"धामण आहे. बिनविषारी." जुनेदनं ती पिशवीत घातली.

दुपारी लाकडांच्या ढिगामागे जाडसर, ठिपक्यांचा साप निघाला. सोपानच्या डोळ्यांत पाणी आलं. तो जुनेदला मिठी मारायला पुढे झाला, पण जुनेदनं मान हलवली. ती डुरक्या घोणस होती, तीही बिनविषारी. संध्याकाळी न्हाणीघराच्या मागून आणखी एक धामण निघाली, पहिलीपेक्षा मोठी.

सहा वर्षं आपण कोणाकोणासोबत राहत होतो, हे अनिताला एका दिवसात कळलं. तिनं पिशवी भरली. पवनानगरला बहिणीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसण्यापूर्वी तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, की बंगल्यातलं एकूण एक बीळ सिमेंटनं बुजवल्याशिवाय ती परत येणार नाही.

तोवर सोपान घरोघर जाऊन सांगून आला होता, की साप दिसला तर मारू नका, मला हाक मारा. लोकांनी हाका मारल्या. पाण्याच्या नळीसाठी दोनदा, कोणाच्या कमरपट्ट्यासाठी एकदा. ही बातमी शेजारच्या माळावर तंबू लावणाऱ्या दत्तोबांच्या पाहुण्यांपर्यंत पोचली आणि अकरा तंबू जेवणाआधीच रिकामे झाले. दत्तोबा येऊन फाटकात उभे राहिले. सोपानला वाटलं, आता शिव्या बसतील. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी सोबत आणलेला पावट्याच्या भाजीचा डबा त्याच्या हातात दिला. पाहुण्यांसाठी केलेली ती भाजी आता खायलाच कोणी उरलं नव्हतं.

रविवारी मॅडम यायच्या आधी सोपाननं सगळी बिळं बुजवली, फरशी पुसली आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन पायरीवर बसला. काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. मॅडम आल्या, त्याच्याकडे न बघता सरळ आत गेल्या आणि पेटीपुढे बसल्या.

"सोपान, ही पिशवी कसली?"

सोपाननं खाली मान घालून सांगितलं. मॅडमनी गार पडलेली पिशवी उचलली आणि खालचा भुसा दोन बोटांनी बाजूला केला. आत लाडू होता, गोळा होऊन, सुखात.

सोपान जमिनीवर बसला. दोन दिवस त्यानं सगळा गाव पालथा घातला होता. पेटीत मात्र हात घातला नव्हता, कारण तसं कागदावर लिहिलं होतं. बोलायचं ठरवलेलं सगळं तो विसरला.

"थंडीत तुम्हीच जगवलात त्याला," मॅडम म्हणाल्या आणि रडायला लागल्या. नोकरी राहिली. लाडूही राहिला. आठव्या दिवशी त्यानं उंदीर गिळला आणि मॅडमनी त्याचा फोटो सोपानकडून तीन वेळा मागवला. अनिता परत आली, एकूण एक बीळ तपासलं आणि कुकर लावला.

पुढचे पंधरा दिवस बरे गेले. मग एके सकाळी गव्हाच्या गोणीला भोक दिसलं. दुसऱ्या दिवशी अनिताच्या नव्या साडीला. आठवड्याभरात उंदरांनी पंपाची वायर तोडली, सोफ्यात पिल्लं घातली आणि भरदुपारी लाडूच्या पेटीवर पळापळी सुरू केली. त्या आवाजानं लाडू बावरला, मडक्यात शिरून गोळा झाला आणि त्यानं खाणं सोडलं. फ्रीजमध्ये गोठवलेले उंदीर तसेच पडून होते.

सोपाननं जुनेदला फोन लावला.

"जुनेदभाऊ, त्या दोन धामनी आनि ती डुरक्या... कुटं सोडलंत त्यास्नी?"

"राजमाचीकडच्या जंगलात. का?"

"न्हाई, म्हनलं, बऱ्या हायती ना."

जुनेदच्या लक्षात आलं. तो म्हणाला, की सोडलेला साप कोणाला मागवून मिळत नाही. आजूबाजूला दुसरे असतील, जागा मोकळी ठेवा, आले तर येतील.

सोपाननं फोन ठेवला आणि अनिताला कसं सांगावं याचा विचार करत बंगल्यामागे गेला. न्हाणीघराच्या भिंतीशी अनिता पदर खोचून उकिडवी बसली होती. तिच्या हातात छिन्नी-हातोडी होती आणि तिसऱ्या बिळाचं सिमेंट निम्मं निघालं होतं.

"उभं काय ऱ्हायलाय?" ती मागे न बघता म्हणाली. "पंपाकडचं तुमी फोडा."