कशेळीचा झाकलेला बॅनर

"निशाच्या दवाखान्याचं मी सगळं फिट करून ठेवलंय!" भिवंडीजवळच्या वळ गावचे केसरीनाथशेठ सकाळीच बायकोला, कमळाबाईंना, म्हणाले. गोदामाची परवानगी असो की क्रिकेटचं मैदान, शेठनी हात घातला की काम झालंच. आणि ही तर पोटची पोरगी, परदेशात शिकून हृदयरोगतज्ज्ञ होऊन आलेली!

तेवढ्यात निशा चहाला आली. "बाबा, आज मुंबईला मेडिकल कौन्सिलपुढे कागदांची शेवटची तपासणी. नोंदणीचा नंबर येण्याआधी माझ्या नावाची कुठे पाटी दिसली आणि कुणी तक्रार केली, तर सगळं अडकेल. नशीब, आपण काही लावलं नाही!"

शेठच्या हातातली खारी चहात बुडाली ती बुडालीच.

कशेळीच्या नाक्यावर त्यांनी कालच बॅनर चढवला होता. गोदामाच्या शटरएवढा! 'सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. निशा आपल्या सेवेत!' आणि मुंबईचा रस्ता तिथूनच जात होता.

शेठ गाडीमागे जाऊन फोनवर पुतण्याला कुजबुजले, "भाविक, बॅनर उतरव! आम्ही निघालोय!"

"काका, मनोजमामा उतरवू देत न्हाय! म्हणतो, माझा फोटो खाली घ्यायला मी काय चोरी केली?"

बॅनरवर सत्कारमूर्तीच्या खाली शुभेच्छुकांची रांग लागते. गॉगल, सोनसाखळी, कानाला मोबाईल. त्या रांगेतला प्रत्येक जण, शेठच्या मेहुण्या मनोजसकट, आता नाक्यावर जातीने हजर होता!

"मग निशाचं तेवढं झाक!"

"कशानं?"

"भिवंडीत ऱ्हातोस आणि कापड मिळत न्हाय तुला?"

गाडी कशेळीला पोचली आणि ट्रॅफिकमध्ये बरोबर बॅनरखालीच अडकली. शेठनी हळूच मान वर करून पाहिलं. वर निशाचा फोटो आणि नाव झाकत यंत्रमागावरून आणलेलं पांढरंशुभ्र कापड फडफडत होतं. खाली सगळे नातेवाईक गंभीर चेहऱ्याने ओळीत.

"बाबा, कोण गेलं हो?"

"कोन न्हाय! तू कागद बघ!"

"पण मनोजमामाचा फोटो आहे त्यावर."

"तो सगळ्याच बॅनरवर असतो!"

कौन्सिलमध्ये काम सुरळीत झालं. नंबर आजच निशाच्या मोबाईलवर येईल, असं सांगण्यात आलं. शेठ मिशीला पीळ देत घरी परतले, तर अंगणात चपलांचा ढीग! आत रडारड!

कमळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन भांबावल्या होत्या. "अवो, ही मानसं मघापासून रडतायत, आणि कोनासाठी ते सांगत न्हायत!"

शेठच्या डोक्यात प्रकाश पडला. कापडाखाली कुणाचा चेहरा आहे, हे कालपासून सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

"एवढी शिकलेली पोर गं!" शेठच्या आत्याने, आक्काने, हंबरडा फोडला, आणि नेमकी तेव्हाच निशा दारात उभी राहिली. आक्काने तिला पाहिलं, छाती धरली आणि ती आडवी झाली!

निशाने धावत जाऊन आक्काची नाडी धरली.

"हात नको लावू!" शेठ ओरडले. "नंबर न्हाय आला अजून! कोनी तक्रार केली तर?"

"बाबा, जीव वाचवायला नंबर लागत नाही! तिचे पाय वर धरा!"

शेठनी पाय धरले. एक डोळा आक्कावर, दुसरा निशाने टेबलावर टाकलेल्या मोबाईलवर. आक्का हलेना. मोबाईल वाजेना. कमळाबाई देवांची नावं घेऊ लागल्या.

टिंग!

"आला! नंबर आला!" शेठनी आनंदाने दोन्ही हात वर केले. आक्काचे पाय फरशीवर धाडकन आदळले, आणि तिचे डोळे खाडकन उघडले!

"आक्का, छातीत दुखतंय का?" निशाने हळूच विचारलं.

"दुखनारच!" आक्काने शेठकडे डोळे वटारले. "त्या मनोजचापन फोटो बॅनरवर, आणि सख्ख्या आत्याचा न्हाय?"

सध्या कशेळीला नवा बॅनर आहे. मधोमध आक्का, गॉगल लावून. आणि निशा? डॉक्टरला जाहिरात चालत नाही, म्हणून 'डॉ.' न लावण्याच्या अटीवर शेवटच्या रांगेत, मनोजमामाच्या शेजारी, शुभेच्छुक म्हणून!