ड्रायरचा आवाज मी कसा बंद केला

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घरातलं यंत्र बिघडलं की दुरुस्तीवाल्याला फोन लावणाऱ्यांतला मी नव्हे. ज्याला देवानं दोन हात आणि सासऱ्यानं पान्ह्यांची पेटी दिलीय, त्यानं दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघावं? असं माझं ठाम मत होतं. म्हणजे त्या शनिवारच्या दुपारपर्यंत होतं.

त्या सकाळी तळघरातला आमचा कपडे वाळवायचा ड्रायर बोंबलायला लागला. आत कुणी बूट घालून जिना चढतंय, अशी धडधड. वरच्या मजल्यावर कपबश्या नाचत होत्या. आणि आत होते चर्चच्या गायनवृंदाचे झगे.

"आर्विड," माझी बायको मार्लिस जिन्यावरून म्हणाली, "चारला उपासना आहे. बिशप आलेत. लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आमच्या गावच्या लुथरन चर्चची शंभरी होती. गायनवृंदातली मंडळी आता म्हातारी झालीत, गाणं सुरू होतं ते संपायचं नाव घेत नाही. तेव्हा वृंद मोडून यापुढे रेकॉर्ड लावावी, असं समितीत चाललं होतं. आज बिशप ऐकणार आणि निकाल देणार. मार्लिस त्या वृंदाची प्रमुख. वृंद मोडला असता तर तीही मोडली असती. त्यात शुक्रवारच्या तालमीला झगे पेटीतून काढले, तर डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की निम्म्या बायका शिंकत घरी गेल्या. म्हणून ऐन दिवशी ही धुलाई.

"अर्ध्या तासात करून देतो," मी म्हणालो.

"शेजारच्या व्हर्लिनला बोलावू का?"

"कशाला? तू वर जाऊन गाणं घोक."

आणि माझं निदान अचूक होतं, हे माझा शत्रूही कबूल करील. ओले झगे टोपलीत काढले, प्लग काढला, हातानं ड्रम फिरवून पाहिला. तो ज्या चाकांवर फिरतो, त्यातलं मागचं एक झिजून चपटं झालेलं. तसलं नवं चाक माझ्याकडे होतं. असल्या वस्तू मी जमवून ठेवतो आणि मार्लिस त्यांना भंगार म्हणते. पुढचा पत्रा काढला, ड्रम बाहेर ओढला, मध्ये आलेलं काहीबाही खिळ्याला अडकवलं, चाक बदललं, साठलेला कापसासारखा कचरा झाडला, ड्रम आत ढकलला, पत्रा ठोकून बसवला. स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात व्हर्लिन जिना उतरून आला. मार्लिसनं फोन केला होताच.

"कॉफी?" मी विचारलं.

"नको, नको."

"घे रे."

"तुला उगाच त्रास."

"घोटभर."

"बरं, केलेलीच असेल तर."

आमच्या मिनेसोटात तीनदा आग्रह झाल्याशिवाय कुणी कॉफीला हात लावत नाही. आणि कुणाची चूक तर मेला तरी तोंडावर दाखवत नाही. व्हर्लिन कप घेऊन भिंतीकडे बघत उभा राहिला. तिथल्या खिळ्याला एक काळा रबरी पट्टा लटकत होता.

"पट्टा चांगला आहे," तो म्हणाला.

"चांगलाच आहे."

"लांब आहे."

"व्हॅक्यूमचा असेल."

व्हर्लिननं एक घोट घेतला. "मोठा व्हॅक्यूम दिसतोय."

मी बटण दाबलं. मोटारीची मंद गुणगुण, गरम वाऱ्याची झुळूक, बस. धडधड नाही की खडखड नाही.

"गेला की नाही आवाज?" मी म्हणालो.

"गेला खरा. काही हलतच नसल्यासारखं वाटतंय."

"यालाच म्हणतात दुरुस्ती."

त्यानं माझं अभिनंदन केलं, कप धुऊन ठेवला आणि घरी गेला. मी झगे आत भरले, वर आलो आणि वृंदातल्या चौघांना फोन करून सगळी कहाणी ऐकवली.

अडीच वाजता मार्लिसनं ड्रायरचं दार उघडलं. वरचा झगा पापडासारखा तापलेला, खालच्यांतून पाणी ठिबकतंय. तिनं ड्रमकडे पाहिलं, मग खिळ्याकडे.

"आर्विड, ड्रम ज्यानं फिरतो तो पट्टा तो का?"

मी पट्टा खिळ्यावरून काढून हातात घेतला. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पट्टा चढवायचा तर पुन्हा सगळं खोलायचं आणि मग तासभर वाळवायचं. तेवढा वेळ होता कुठे? "माझी आई कपडे थंडीत टांगायची," मार्लिस डोळे पुसत म्हणाली. "पाणी गोठलं की झोडपून काढायची."

बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी. झगे दोरीवर टाकले आणि बघता बघता फळ्या झाले. घडी होईना, म्हणून व्हर्लिनच्या पिकअपमध्ये उभेच्या उभे रचले. जणू मंडळी आधीच गायला निघाली होती.

"पट्ट्याचं सरळ का नाही बोललास?" मी गाडीत त्याला विचारलं.

"तुझ्या तळघरात उभं राहून? तुझीच कॉफी पिऊन?" व्हर्लिन दुखावून म्हणाला.

चर्चच्या मागच्या दाराशी आम्ही झगे झोडपले. बर्फ उडाला, ओल राहिली. वेळ झाली होती. मंडळींनी तेच अंगात चढवले आणि कुडकुडत उभी राहिली. मार्लिसनं हात वर केला. मी डोळे मिटून घेतले.

आणि काय सांगू! एरवी रेंगाळणारं गाणं झपाझप निघालं, कारण प्रत्येकाला ते संपवून झगा काढायचा होता. आणि प्रत्येक स्वर थरथरत होता. खालचा, वरचा, सगळे. बाकांवरच्या बायकांनी रुमाल काढले. बिशप उठून उभे राहिले.

"सुरात इतका कंप," ते म्हणाले, "मी आयुष्यात ऐकला नाही. हा वृंद मोडायचं कुणाच्या मनात तरी कसं आलं?" वर पुढच्या महिन्यात शहरातल्या संमेलनात गायचं आमंत्रणही दिलं. मार्लिसनं सगळ्यांदेखत मला मिठी मारली. आमच्याकडे असं करत नाहीत. मला फार बरं वाटलं.

सोमवारी मी पट्टा चढवला. आता ड्रायर असा चालतो की त्याच्या शेजारी झोप लागावी. पुढच्या तालमीला झगे उबदार, कोरडे, कडक इस्त्रीचे.

"गाणं पुन्हा रेंगाळलं, कंप नावालाही नव्हता," मार्लिस तालमीहून परतल्यावर म्हणाली. कोट काढला, माझ्यासमोर बसली. लग्न झाल्यापासून तिनं मला कुठलीही वस्तू आपणहून दुरुस्त करायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

"आर्विड," ती म्हणाली, "संमेलनाच्या सकाळी तेवढा ड्रायर दुरुस्त करशील?"